केलं तर बरं

बाईंना गल्लीभर मस्टबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. भाजीवालासुद्धा "या मस्टबाई" म्हणायचा, आणि बाई त्याच्यावर डोळे वटारायच्या नाहीत, कारण खरं सांगायचं तर त्यांना ते नाव आवडायचं. लोक जन्मभर राबतात तेव्हा कुठे त्यांना चार माणसांत नाव मिळतं. बाईंना गल्लीने ते फुकटात देऊन टाकलं होतं.

बाई मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या, घराच्या पुढच्या खोलीत. ड्रायव्हर, वॉचमन, लहान मुलं सांभाळणाऱ्या आया, दुकानात मापं काढणारे, साहेबापुढे तोंड उघडायचं म्हटलं की ज्यांना घाम फुटतो अशी सगळी मंडळी. बाकीचे शिकवणीवाले पहिल्या दिवशी 'माझं नाव अमुक' म्हणायला लावतात. बाईंचं तसं नव्हतं. त्या म्हणायच्या, "तुमचं नाव साहेब विचारणार नाही. साहेब सांगणार. तेव्हा आधी सांगणं ओळखायला शिका. हा हुकूम आहे, नियम आहे, की नुसता सल्ला? त्यात चुकलात तर नोकरी गेली म्हणून समजा."

मग फळ्यावर तीन शब्द यायचे. मस्ट, हॅव टू, शुड. मस्ट म्हणजे बोलणारा स्वतः अडून बसलाय, करायलाच हवं, दुसरी वाट नाही. हॅव टू म्हणजे नियम वरून आलाय, बोलणाऱ्याच्या बापाचं काही जात नाही, पण करावं लागतं. शुड म्हणजे सल्ला. केलं तर बरं, नाही केलं तर तुमचं तुम्ही बघा.

प्रत्येकाने आपल्या रोजच्या कामातलं एक वाक्य बोलायचं, आणि बाई फक्त एवढंच विचारायच्या, "कोण सांगतंय?" वॉचमन म्हणायचा, "आय मस्ट वेअर कॅप." बाई म्हणायच्या, "टोपीवाचून तुझा जीव अडलाय?" तो म्हणायचा, "नाही बाई, कंपनी पगार कापते." "मग हॅव टू." आया म्हणायची, "बेबी शुड ड्रिंक मिल्क." "नाही प्यायलं तर चालेल?" "छे हो, मालकीण माझं रक्त पिईल." वर्ग हसायचा, आणि हसता हसता शब्द डोक्यात बसायचा. आता याला कुणी शिकवणं म्हणो की टवाळी म्हणो, बाईंच्या हाताखालून गेलेला माणूस पुन्हा त्या तीन शब्दांत अडखळत नसे. निदान फारसा नाही.

आता वन्संबद्दल सांगायला हवं. वन्सं म्हणजे बाईंची मोठी नणंद. कमी वयात नवरा गेला तशी भावाच्या घरी आली. पुढे भाऊही गेला, बाईंची लेक लग्न होऊन दूर देशी गेली, आणि घरात या दोघी उरल्या. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात, पण यांचं पटायचं, आणि त्यातलं बारा आणे श्रेय वन्संचं होतं. बाई शिकवायच्या आणि वन्सं बाकीचं सगळं करायच्या. खोली झाडणं, खुर्च्या मांडणं, फळा पुसणं, विद्यार्थ्यांचा चहा, दोघींचा स्वयंपाक. अक्षरओळख नाही, पण स्वयंपाकघराची भिंत पातळ, आणि इतकी वर्षं तेच तेच कानावर पडलेलं. कधीकधी वर्ग सुटल्यावर त्या हात पुसत म्हणायच्या, "अगं, तो कोपऱ्यातला मुलगा अजून सल्ल्याला हुकूम म्हणतोय, ऐकलंस ना?" बाईंना हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं.

अशात एक मोठं काम चालून आलं. गावातल्या मोठ्या हॉटेलात एक वाढपी पाहुण्याला इंग्रजीत म्हणाला होता, की नाश्त्याला तुम्ही खाली येता कामा नये. बिचाऱ्याला म्हणायचं होतं की यायची गरज नाही, आम्ही खोलीत आणून देऊ. पाहुणा सकाळभर उपाशी बसला आणि दुपारी त्याने हॉटेल डोक्यावर घेतलं. तेव्हा मॅनेजर स्वतः मस्टबाईंचा पत्ता विचारत दारात आला. त्याची सगळी माणसं, तुकड्या पाडून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, महिनाभर शिकवायची. शेवटी मालक स्वतः येऊन परीक्षा बघणार. बाईंनी मॅनेजरपुढे मान डोलावली ती शांतपणे, पण तो गेल्यावर त्या स्वयंपाकघरात जाऊन वन्संना मिठीच मारायच्या बाकी होत्या. इतक्या वर्षांत गल्लीबाहेरच्या कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात वन्सं दाराच्या चौकटीला धडकल्या. आधी भांडं ओट्यावर ठेवायला गेल्या ते हवेतच सोडलं, मग ही चौकट. म्हणाल्या, "उजव्या बाजूचं जरा धुरकट दिसतं गं. समोरचं बरं दिसतं, कडेचं नाही." बाई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. एवढं श्रेय त्यांच्या पदरी टाकायला हवं, टाळाटाळ केली नाही. डॉक्टर परमुलखातून आलेला, हुशार म्हणून नाव मोठं, पण बोलायचा फक्त इंग्रजी. पेशंटनेच कुणी समजणारं माणूस बरोबर आणायचं, असा तिथला रिवाज. वन्संना त्याची काय चिंता? घरातच मस्टबाई.

डॉक्टरांनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावून दोन्ही डोळे बराच वेळ बघितले. मग खुर्ची बाईंकडे वळवली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. काचबिंदू आहे. डोळ्यात दाब फार वाढलाय, थेंबांनी आटोक्यात येणार नाही. शी मस्ट हॅव द ऑपरेशन. याच आठवड्यात. शी मस्ट नॉट वेट. यात गेलेली नजर परत येत नाही. आणि त्यानंतर महिनाभर वाकायचं नाही, चुलीच्या धगीपाशी जायचं नाही, जड उचलायचं नाही, दर थोड्या तासांनी कुणीतरी डोळ्यात औषध घालायचं.

दोनदा मस्ट. वर्गात बाईंनी हेच वाक्य उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं असतं. पण बाईंच्या कानात मस्टच्या मागून आलेला महिना वाजत राहिला. सोमवारपासून हॉटेलची माणसं येणार. चहा कोण करणार, खुर्च्या कोण मांडणार, दोघींचं जेवण, आणि वर दर थोड्या तासांनी वर्ग सोडून डोळ्यात औषध? मालक येणार त्या दिवशी वर्गाची काय अवस्था असेल? बाईंच्या मनात आलं, महिनाभराचा तर प्रश्न आहे. डॉक्टर लोक घाबरवतातच. महिन्यात काय आभाळ कोसळतंय?

वन्संनी विचारलं, "काय म्हणतात?"

"डोळ्यात दाब वाढलाय म्हणतात. ऑपरेशन करा म्हणतात."

"मोतीबिंदू का गं?"

"तसलंच काहीतरी," बाई म्हणाल्या.

वन्संनी थोडा विचार केला. मग भिंतीआडून वर्षानुवर्षं ऐकलेला प्रश्न त्यांनी नीट विचारला. "करायलाच हवं म्हणतात, की केलं तर बरं?"

बाईंनी खाली टेबलावरच्या थेंबांच्या बाटलीकडे बघितलं. "केलं तर बरं," त्या म्हणाल्या. "घाई नाही. तोवर थेंब घालू."

डॉक्टर दोघींकडे आलटून पालटून बघत होता. त्याने बाईंना विचारलं, तिला समजलं ना? बाई म्हणाल्या, येस डॉक्टर, ती घरी विचार करून कळवेल. झालं. वन्संनी पदराने डोळे टिपले, डॉक्टरांना नमस्कार केला, आणि वाटेत म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुझं काम मार्गी लागेपर्यंत थांबता येईल. मला तीच धास्ती होती."

पुढचा महिना बाईंच्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी महिना. हॉटेलची माणसं येत, खोली भरून जाई. वाढपी, खोल्या आवरणाऱ्या बायका, दारावरचे, आणि लिफ्ट चालवणारा एक पोक्त गृहस्थ. त्याला सगळे लिफ्टमामा म्हणत. मामा म्हणजे वर्गातला कच्चा लिंबू. डोकं जड, जीभ त्याहून जड. 'कोण सांगतंय?' म्हटलं की तो खरंच आठवायला लागायचा की कोण सांगत होतं. पण लाज नावाचा प्रकार त्याच्याकडे नव्हता. समजलं नाही की हात वर. पुन्हा समजलं नाही की पुन्हा हात वर. बाई मनातून वैतागायच्या.

वन्सं चहा द्यायला यायच्या, आता भिंतीला हात लावत लावत. एकदा त्यांनी चहा कपात ओतण्याऐवजी बशीच्या बाहेर, थेट एका बाईच्या वहीवर ओतला. मस्टबाईंच्या तोंडून सगळ्यांसमोर निघून गेलं, "वन्सं, लक्ष कुठाय तुमचं?" वन्सं ओशाळल्या. पदराने वही पुसू लागल्या तर ती भलतीकडेच पुसली. लिफ्टमामा उठला, त्याने किटली हातातून घेतली आणि म्हणाला, "ताई, डोळे दाखवून घ्या एकदा."

"दाखवलेत हो," वन्सं हसून म्हणाल्या. "घाई नाही म्हणालेत डॉक्टर. आमच्या बाई होत्या ना बरोबर."

बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं. खडू हातात होता, पण काय लिहायचं ते सुचेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशातली गत. मामा आपल्याकडे बघतोय असं त्यांना उगाच वाटलं. त्या रात्री त्यांनी ठरवलं की उद्या सकाळी सांगून टाकायचं. सकाळी पहिली तुकडी लवकर आली आणि ते राहिलं. नंतर ते राहतच गेलं. खोटं एकदा बोलून मोकळं होता येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी बाईंना विचारावं. ते रोज सकाळी पुन्हा बोलावं लागतं, तोंड न उघडता.

मालक आला, खूश झाला, सगळ्यांसमोर म्हणाला की असं शिकवणं मी पाहिलं नाही. टाळ्या पडल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून वन्सं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या, तोंड मात्र मालकाच्या ऐवजी खिडकीकडे करून.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी उजवा डोळा बघितला, पुन्हा बघितला, आणि यंत्र बाजूला सारलं. उजवा गेला होता. दाब आता डाव्यातही चढला होता; तो वाचवायचा तर ऑपरेशन उद्याच्या उद्या. मग त्याचा आवाज चढला. मी तुम्हाला मस्ट म्हणालो होतो. थांबू नका म्हणालो होतो. का थांबलात? विचारा तिला, का थांबली?

वन्संनी आवाजावरून ओळखलं. त्यांनी चाचपडत बाईंचा हात शोधला. "रागावले का गं?"

"उशीर झाला म्हणतात," बाई म्हणाल्या. "उजव्या डोळ्याचं आता काही होणार नाही."

वन्संनी तो हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, "आणि तुला का ओरडतात? सांग त्यांना, हिचा काही दोष नाही. मीच आज करू, उद्या करू करत बसले. सांग ना."

आता काय करायचं? खोलीत दोन्ही भाषा कळणारं माणूस एकच. बाईंनी तोंड उघडलं आणि स्वच्छ, व्याकरणशुद्ध इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते की चूक तिची आहे. तिनेच टाळलं." एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. त्या दिवशीचं त्यांचं भाषांतर अगदी चोख होतं. डॉक्टरांनी मान हलवली, वन्संच्या खांद्यावर थोपटलं. बाईंना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण असल्या वेळी ती कधी घेत नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाईंनी वर्ग बंद ठेवले आणि वन्संची सेवा मांडली. स्वयंपाक, धुणं, थेंब, केस विंचरून देणं. शेजारपाजारच्या बायका येत आणि म्हणत, भावजय असावी तर अशी. वन्सं कौतुकाने सांगत, "अहो, माझ्यापायी तिने डॉक्टरचं बोलणं खाल्लं. मी अडाणी, मी थांबले, आणि शब्द हिला लागले." बाई आतल्या खोलीत निघून जात. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना आता रोज कळत होतं. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं, असं वाटायचं. स्तुती पचत नव्हती.

शेवटी एका दुपारी शेजारीण गेल्यावर बाई वन्संच्या खाटेजवळ जमिनीवर बसल्या. औषध घालून झालं होतं. वन्संनी डोळा मिटला होता.

"वन्सं, डॉक्टर पहिल्याच दिवशी करायलाच हवं म्हणाले होते. याच आठवड्यात म्हणाले होते. मी तुम्हाला तसं सांगितलं नाही."

वन्संनी मिटलेला डोळा उघडला. त्यांनी विचारलं, "तुला नीट कळलं नव्हतं का?"

केवढी वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. नुसतं हो म्हणायचं. डॉक्टरचे उच्चारच वेगळे होते, म्हणायचं. इंग्रजीच चुकलं, म्हणायचं. मस्टबाईंचं इंग्रजी चुकलं म्हणून गल्लीने हसून घेतलं असतं, त्याहून जास्त काही नाही. इंग्रजी चुकलं असतं तर किती बरं झालं असतं.

"कळलं होतं," बाई म्हणाल्या. "हॉटेलवाले येणार होते. तुम्ही अंथरुणाला खिळलात तर घर कोण बघणार, असं मनात आलं."

"अगं, मला सांगितलं असतंस तरी मी तुझ्यासाठी थांबले असते कदाचित," वन्सं म्हणाल्या. "पण मी ठरवलं असतं ना गं. डोळा माझा होता."

बाई रडू लागल्या. वन्संनी त्यांना गप्प केलं नाही, आणि दूरही लोटलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चहा टाक." बाईंनी चहा टाकला. दोघींनी तो प्यायला.

नंतरही घर चालत राहिलं. भांडण नाही, अबोला नाही, शेजारणींपुढे अवाक्षर नाही. फक्त एक गोष्ट बंद झाली. पूर्वी वन्सं दहा गोष्टी विचारायच्या. बाहेर कोण ओरडतंय, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, लेकीने फोनवर काय सांगितलं. आता विचारणं थांबलं. बाई आपण होऊन सांगायच्या, तर वन्सं "बरं" म्हणायच्या. त्या 'बरं'ला बाई घाबरू लागल्या.

पुढच्या तपासणीच्या दिवशी सकाळी बाईंनी साडी बदलली, पिशवीत पाण्याची बाटली आणि औषधं भरली, आणि दार उघडलं तर पायरीवर लिफ्टमामा. दाढी घोटलेली, हॉटेलचा गणवेश, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"ताईंनी निरोप पाठवला होता," तो अवघडून म्हणाला. "डॉक्टरपुढे बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, माझं इंग्रजी म्हणजे काय ते बाईंनाच विचारा. पण त्या ऐकेनात. तुम्हाला बरं नाही का बाई?"

मागून वन्सं आल्या. चपला पायाने शोधत म्हणाल्या, "ती बरी आहे. चल, उशीर होईल." मग बाईंच्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, "तुला यायचं तर ये. बाहेर बसशील."

दवाखान्यात बाई बाकावर बसल्या. आतलं दार नीट लागत नव्हतं. मामाचं इंग्रजी ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. क्रियापद नाही, काळ नाही, सगळा खिचडा. डॉक्टर काही बोलला की मामा म्हणायचा, "नो अंडरस्टँड सर, अगेन." डॉक्टर पुन्हा सांगायचा. "अगेन, सर. स्लो." एकदा तो भलताच काहीतरी अर्थ सांगून बसला, आणि मग स्वतःच म्हणाला, "थांबा ताई, हे मला खात्रीने कळलं नाही, परत विचारतो." बाईंना दोनदा उठून आत जावंसं वाटलं. एका वाक्यात सांगून मोकळ्या झाल्या असत्या. दोन्ही वेळा त्या पुन्हा बसल्या. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने त्यांना विचारलं, "तुमच्याकडे इंग्रजी येणारं कुणी आहे का हो? माझा नंबर पुढचा आहे." बाईंनी मान खाली घातली आणि नाही म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मामा घामाघूम झाला होता, आणि वन्संचा हात त्याच्या दंडावर होता. बाई उठून पुढे झाल्या.

"काय म्हणाले डॉक्टर?"

वन्संनी चष्म्यामागचा डावा डोळा त्यांच्यावर लावला. राग नव्हता त्यात. असता तर बाईंनी पाय धरले असते.

"मला सांगितलं त्यांनी," वन्सं म्हणाल्या, आणि मामाला म्हणाल्या, "पायरी आली की सांग."

बाईंनी बाकावरची पिशवी उचलली आणि त्या दोघांच्या मागून चालू लागल्या.